बी.एस्सी.ला गणित आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र घ्यायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांनी अर्जाआधी हे वाचा

सेकंड पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की विचारणा सुरू होते: "गणित आणि कॉम्प्युटर दोन्ही घ्यायचंय, फॉर्म कुठं भरायचा?" फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. मुलं अडकतात ती त्याच्या आधी आणि नंतर.

आधी कोर्सच्या नावाचा घोळ. बीसीए, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (एन्टायर) आणि गणित व कॉम्प्युटर सायन्स हे दोन्ही विषय घेऊन केलेली बी.एस्सी. ही तीन वेगळी शिक्षणं आहेत. बीसीएत गणिताचे मोजकेच पेपर असतात. 'एन्टायर' हा प्रकार कोल्हापूरकडच्या, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत दिसतो. त्यात सगळा भर कॉम्प्युटरवर, गणित नुसतं जोडीला. पुढं नोकरी किंवा एमसीए करायचं असेल तर याने काही बिघडत नाही, कारण एमसीएला बारावीत किंवा पदवीत गणित असलं की चालतं. पण एम.एस्सी. गणित करायचं मनात असेल तर बहुतेक विद्यापीठं पदवीला गणित हा मुख्य विषय होता का, हेच पाहतात. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून झाल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत तुम्हाला हवी ती जोडणी म्हणजे फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स. बोलताना सगळे 'पीएमसीएस' म्हणतात. कर्नाटकात 2021-22 ला नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांची, तीन विषयांची पदवी सुरू झाली. त्यामुळे थोरल्या बहिणीने किंवा शेजारच्या दादाने 2022 मध्ये घेतलेली रचना आता तुमच्या कामाची नाही. त्यांचं ऐकून विषय ठरवू नका. ही जोडणी प्रत्येक कॉलेजात नसते. कॉलेजात जाऊन तोंडी विचारा: ही बॅच यंदा आहे का, तिसऱ्या वर्षी गणित पूर्ण राहतं का, आणि भाषेच्या पेपरांत मराठी शिकवता का. शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात आणि मग दोन वर्षं नको ती भाषा घोकतात.

पात्रतेबद्दलचा गैरसमज उलटा आहे. पीयूसीला कॉम्प्युटर नव्हता म्हणून पीसीएमबीची (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी घेतलेली) मुलं अर्जच करत नाहीत. कॉम्प्युटर लागत नाही, गणित लागतं. उलट कॉमर्सला कॉम्प्युटर घेतलेली मुलं हक्काने येतात आणि गणित नसल्याने परत जातात. महाराष्ट्र बोर्डातून, म्हणजे चंदगड-गडहिंग्लजकडे बारावी केलेल्यांनी गणित सोडून जीवशास्त्र ठेवलं असेल तर तेही इथेच थांबतात.

अर्ज यूयूसीएमएस या सरकारी पोर्टलवर भरायचा. आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. तो नंबर बहुतेक वेळा वडिलांचा, पाच वर्षांपूर्वी बंद पडलेला. निकालाची वाट न बघता मार्चमध्येच बदलून घ्या.

आता नाव. मार्क्स कार्डावर मुलाचं, वडिलांचं, आडनाव असा क्रम, आधारवर आडनाव पहिलं, आणि जातीच्या दाखल्यावर कन्नडमधून उतरवलेलं तिसरंच काहीतरी. आपल्याला ही तिन्ही एकाच पोराची नावं वाटतात, कॉम्प्युटरला ती तीन पोरं वाटतात. प्रवेश कसाबसा होतो, पण पुढं एसएसपीवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, अर्ज अडकतो. मार्क्स कार्ड बदलणं महाकठीण, म्हणून आधार त्याच्याप्रमाणे करून घ्या आणि जात-उत्पन्नाचा दाखला त्यानंतर काढा. हा दाखला नाडकचेरीचा (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयाचा), आरडी नंबर म्हणजे दाखल्याचा क्रमांक असलेलाच लागतो. तलाठ्याच्या सहीचा कागद इथे उपयोगाचा नाही. मराठा समाजाच्या मुलांची कर्नाटकात आरक्षणाची वर्गवारी 3बी. तोच दाखला घेऊन कोल्हापुरात आरक्षण मागू नका, एका राज्याची वर्गवारी दुसऱ्या राज्यात चालत नाही.

बोर्ड बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि हाच तो कागद, जो कुणाकडेच नसतो. महाराष्ट्रातून बारावी करून बेळगावात येणाऱ्याला तो कोल्हापूर विभागीय मंडळाकडून आणावा लागतो, इथून कोल्हापूरला जाणाऱ्याला कर्नाटक बोर्डाकडून. "नंतर आणून दे" म्हणत कॉलेज प्रवेश देतं, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी पात्रता रखडलेली असते. मुलाची यात चूक काय, हे कुठल्याच खिडकीवर कुणी सांगत नाही.

सीमाभागाच्या राखीव जागांबद्दल ऐकलेलं असतं. त्या महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या कोर्सेसच्या केंद्रीय प्रवेशात आहेत. साध्या बी.एस्सी.चा प्रवेश त्या रांगेतून होत नाही. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना दोन दाखले लागतात: वादग्रस्त सीमाभागातले रहिवासी असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दुसरा त्यातल्या त्यात सोपा. पहिल्याची गंमत अशी की कर्नाटकातला कुठला कारकून 'वादग्रस्त' हा शब्द लिहून त्याखाली शिक्का मारेल? महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांत आपलं गाव आहे का, आणि यादीत ते कसं लिहिलंय, हे आधी पाहून ठेवा. फॉर्मवर गावाचं नाव त्याच अक्षरांत यायला हवं.

तारखांचं. विद्यापीठाच्या पत्रकात प्रवेशाची 'दंडाशिवाय' आणि 'दंडासहित' अशा दोन तारखा असतात. लोक दुसरी वाचतात आणि निवांत राहतात. दंड भरून प्रवेश मिळतो तो जागा उरली असेल तरच, आणि पीएमसीएसच्या जागा तोवर थांबत नाहीत. पीयूसीच्या परीक्षा 2 ला, म्हणजे पहिल्या निकालानंतरच्या पुढच्या फेरीला, बसणाऱ्यांनी तर कॉलेजात आधीच नाव सांगून ठेवावं.

दोन्ही विषय खरोखर खोलात शिकायचे असतील तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची बी.एस्सी. (ऑनर्स) मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स आहे. तिची प्रवेश परीक्षा मे महिन्यात असते आणि गणिताची उत्तरं सिद्धतेसह लिहावी लागतात. अर्जाची मुदत मात्र त्याच्या बरीच आधी संपते. आपली मुलं निकालानंतर शोधायला लागतात, तोवर सगळं झालेलं असतं. धारवाडच्या आयआयटीत आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीत 'मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंग' हा बी.टेक. आहे, तिथे जेईई ॲडव्हान्स्डशिवाय दार नाही. अकरावीच्या, म्हणजे फर्स्ट पीयूसीच्या मुलांनी हे आत्ताच लिहून ठेवावं.

कुठल्याही कॉलेजात मूळ टीसी जमा करण्याआधी चार झेरॉक्स काढा आणि जमा केल्याची पावती मागून घ्या. दुसरीकडे यादीत नाव लागलं तर तीच टीसी परत मिळवायला पुन्हा त्याच खिडकीवर उभं राहायचं असतं.