अर्ध्या मिलिमीटरचं भोक गाडीला कसं कळतं?

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर जोडला की 'पी ०४५६' दिसतं, आणि लगेच कोणीतरी ठामपणे सांगतं, "कॅनिस्टर गेला, बदलून टाका." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, कोड म्हणजे सुट्या भागाचं नाव नव्हे! गाडीने स्वतःच स्वतःची घेतलेली एक परीक्षा नापास झाली, एवढंच तो सांगतो. पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेत अगदी बारीक गळती आहे हे त्याला कळलंय. ती नेमकी कुठे, हे मात्र त्याला ठाऊक नाही.

ही वाफ अडवायची कशाला? गाडी उभी असली तरी टाकीतलं पेट्रोल उडतच असतं, आणि त्या वाफेपासून उन्हात जमिनीलगतचा, श्वासाला घातक ओझोन तयार होतो. म्हणून तिला सक्रिय कोळशाच्या डब्यात कोंडतात. हाच तो कॅनिस्टर. एक ग्रॅम कोळशातल्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो आणि वाफेचे रेणू त्याला चिकटून बसतात. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरची झडप) उघडतो, व्हेंटमधून, म्हणजे कॅनिस्टरच्या बाहेरच्या हवेकडच्या तोंडातून, आत आलेली हवा हे रेणू सोडवून नेते आणि ते इंजिनात जळतात.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांमध्ये ओबीडी-२ ही स्वनिदान प्रणाली सक्तीची झाली. पुढे तिने पकडायच्या गळतीची मर्यादा ०.०२० इंचांच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकावर आली. एवढं भोक शोधायचं कसं?

काही गाड्यांची युक्ती मला फार आवडते. इंजिन बंद झालं की व्हेंट व्हॉल्व्ह मिटतो, पर्ज आधीच मिटलेला असतो, आणि टाकी निवत जाते. शाळेतला वायूचा नियम आठवा: आकारमान तेच राहिलं तर दाब केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ३०० केल्विनवरून २९७ वर आलं की दाब एक टक्क्याने उतरतो. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याचा स्तंभ पेलतो, म्हणजे हा फरक झाला दहा सेंटिमीटर पाण्याचा! शिवाय थोडी वाफ पुन्हा द्रव होते, त्यामुळे दाब आणखी घसरतो. पंप नाही की मोटर नाही, टाकी स्वतःच श्वास ओढते.

भोक असेल तर शर्यत लागते. दाबाचा फरक अडीच सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे २५० पास्कल धरा. हवा सेकंदाला वीसेक मीटर वेगाने आत घुसते. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण १४० मिलिलिटर. टाकीत ३० लिटर मोकळी जागा असेल तर तो फरक पुसायला ७५ मिलिलिटर हवा पुरते. दाब घटेल तसा हवेचा वेगही मंदावतो, तरी मिनिटभरात खेळ खलास. निवण्याचा वेग मात्र त्याहून कितीतरी सावकाश, त्यामुळे सेन्सरला अपेक्षित दाब दिसतच नाही आणि कोड नोंदला जातो. अर्थात टाकी काठोकाठ भरलेली किंवा जवळपास रिकामी असली की बहुतेक गाड्या ही चाचणी घेतच नाहीत.

म्हणून आधी टाकीचं झाकण काढा. त्याची रबरी कडा बोटाने गोल फिरवून चाचपा. नखाला लागेल एवढी चीर किंवा चिकटलेला मातीचा कणही पुरतो. झाकण नीट लावल्यावरही दिवा लगेच विझत नाही, कारण गाडी चालवण्याच्या तीन फेऱ्यांत चाचणी सलग पास व्हावी लागते. स्कॅनरने कोड खोडला म्हणजे भोक बुजलं, ही समजूत आणि 'मायलेज वाढवणारं' डोंगल, दोन्ही एकाच माळेचे मणी.

झाकण ठीक असेल तर यंत्रणेत कमी दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून डोकावतो ते टॉर्च लावून पाहतात. टायरमध्ये हवा भरायच्या दाबाने कधीही नाही, टाकी फुगेल. आणि पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर संशय आधी उघडा अडकलेल्या पर्ज व्हॉल्व्हवर घ्या. वीजजोडणी काढून त्याच्या नळीतून हलकेच फुंका. हवा पार गेली तर तो मिटत नाहीये, म्हणजे बदलायचा तो, कॅनिस्टर नव्हे.