वापरलेल्या एसी ड्राइव्हची विक्रीपूर्व चाचणी

कारखान्यातून उतरवलेला एसी ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) पुन्हा विकण्याआधी तो सुरक्षित आहे आणि भार पेलतो, याची खात्री करून घेण्याची ही पद्धत आहे. ड्राइव्ह ५० हर्ट्झच्या विजेचे आधी डीसीत रूपांतर करतो आणि आयजीबीटींच्या (वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) साहाय्याने हव्या त्या वारंवारतेची तीन फेज वीज मोटरला देतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या डीसी बसवर (आतील डीसी वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर) सुमारे ५८७ व्होल्ट असतात आणि पुरवठा तोडल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतात.

पुरवठा तोडल्यावर झाकण उघडण्याआधी थांबण्याची जी मुदत झाकणावर लिहिलेली असते, ती कपॅसिटरमधील चार्ज उतरवणारे रेझिस्टर शाबूत आहेत असे धरून दिलेली असते. जुन्या यंत्रात नेमके तेच जळालेले असू शकतात. म्हणून चार्जचा दिवा विझला तरी बसवरील व्होल्टेज मीटरने मोजावे आणि उरलेला चार्ज योग्य रेझिस्टरमधून उतरवावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची सवय डोळ्यांना आणि यंत्रालाही घातक आहे.

झाकण उघडल्यावर फुगलेले कपॅसिटर, करपलेल्या खुणा आणि धूळ पाहतात. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीतून आलेल्या यंत्रात लोखंडाची भुकटी असेल, तर ती वीजवाहक असल्याने साफ केल्याशिवाय पुरवठा देऊ नये. त्यानंतर मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर बसच्या दोन्ही टोकांपासून आर-एस-टी (पुरवठ्याची टर्मिनल) व यू-व्ही-डब्ल्यूपर्यंतची (मोटरची टर्मिनल) वाचने घेतात. तिन्ही फेजची वाचने जवळपास सारखी यावी लागतात.

पहिला पुरवठा थेट देत नाहीत. दोन फेजच्या वायरींत प्रत्येकी एक साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब क्षणभर उजळून मंदावले, तर कपॅसिटर चार्ज झाले असे समजावे. उजेड कायम राहिला, तर आत शॉर्ट आहे. यंत्र वर्ष-दोन वर्षे पडून असल्यास कपॅसिटरमधील ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. अशा वेळी डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज टप्प्याटप्प्याने, उत्पादकाने सांगितलेल्या गतीने चढवावे लागते.

मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर) मात्र ड्राइव्हला जोडलेल्या मोटरवर कधीही लावू नये, कारण त्याच्या ५०० व्होल्टमुळे ड्राइव्हचे इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. मोटर सुटी करून तपासावी.

शेवटी बल्ब काढून, अर्थिंग व फ्यूजसह, ड्राइव्हवर मोटर चालवतात आणि क्लॅम्पमीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट पाहतात. मोकळी फिरणारी मोटर येथे पुरेशी नसते. तापल्यावर उघडकीस येणारा दोष भाराखालीच दिसतो. बाजारात ‘चालू कंडिशन’ म्हणजे पुष्कळदा एवढेच, की डिस्प्ले उजळतो. भार किती दिला आणि किती वेळ, हे विक्रीच्या पावतीवर लिहिलेले नसेल, तर ती चाचणी झालीच नाही असे धरून भाव ठरतो.