ऊर्जा कार्यक्षमता आकडेवारी : सामायिक संकलन (मुंबई)

इमारती, कारखाने व उपकरणे यांच्या ऊर्जा वापराचे आकडे ठरावीक नमुन्यात नोंदवून ते ऑनलाइन व्यासपीठावर परस्पर तुलनेसाठी खुले करण्याची पद्धत. नुसत्या वापरावरून कार्यक्षमता कळत नाही. वापराला क्षेत्रफळाने, उत्पादनाने किंवा चालू तासांनी भागले म्हणजेच तो दुसऱ्याच्या वापराशेजारी मांडता येतो. इमारतींसाठी रूढ असलेला भागाकार म्हणजे ऊर्जा कामगिरी निर्देशांक : वर्षभरातील एकूण युनिटे भागिले बांधीव क्षेत्र (चौ. मी.). ‘डेटा’साठी मराठीत विदा, आधारसामग्री, आकडेवारी असे पर्याय आहेत. प्रस्तुत नोंदीत मीटरवरील आकड्यांचाच विचार असल्याने तिसरा शब्द घेतला आहे.

उगम : या पद्धतीच्या आरंभाविषयी एकमत नाही. अनेक जण तो अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘पोर्टफोलिओ मॅनेजर’ या साधनापाशी ठेवतात. तेथे इमारतीचा मालक आपली बिले भरतो आणि तशाच इतर इमारतींच्या तुलनेत आपले स्थान पाहतो. दुसऱ्या मतानुसार हे साधन ज्या राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांवर उभे आहे, ती व्यापारी इमारतींची ऊर्जा पाहणी १९७९ पासून चालू असल्याने आरंभ तिथूनच धरावा. मात्र पाहणीत माहिती देणारा आणि माहिती वापरणारा वेगळे असतात, म्हणून तिला सामायिक संकलन म्हणणे कठीण.

तिसरे मत भारतीय आहे आणि मुंबईकरांना जवळचे आहे. घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन (स्थापना १९५४) व तिच्या अहमदाबाद, कोइमतूर येथील भगिनीसंस्था यांनी सभासद गिरण्यांकडून आकडे घेऊन सामाईक मानके ठरवण्याचा प्रघात पाडला. एक किलो सुतामागे किती युनिटे लागली, हे ‘यूकेजी’ माप गिरणी व्यवसायात आजही बोलले जाते. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या गिरण्यांनी स्वतःचे आकडे एका विश्वासाच्या जागी आणून ठेवावेत आणि त्या बदल्यात सर्वांची सरासरी परत घ्यावी, हा या पद्धतीचा गाभा तेथे पूर्णपणे दिसतो. ऑनलाइन हे विशेषण बाजूला ठेवले तर हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतातील चौकट : ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये झाला व मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. महाराष्ट्रात या अधिनियमाखालील नियुक्त संस्था म्हणजे राज्य शासनाची महाऊर्जा. २००९ पासून कार्यालयीन इमारतींना तारांकन मिळू लागले. २०१२ मध्ये मोठ्या उद्योगांना ऊर्जा बचतीची उद्दिष्टे ठरवून देणारी ‘पॅट’ योजना सुरू झाली. पहिल्या फेरीत ४७८ नियुक्त ग्राहक (योजना लागू असलेले उद्योग) होते व त्यांची विवरणे ‘पॅटनेट’ या संकेतस्थळावर भरली जात. राज्यांच्या प्रगतीसाठी २०२१ मध्ये ‘साथी’ हे पोर्टल आले. या सर्वांत आकडे खालून वर जातात आणि परत येताना बहुधा बेरजेच्या रूपात येतात. त्यामुळे त्यांना सहभागी व्यासपीठ म्हणण्यापेक्षा विवरण-प्रणाली म्हणणे योग्य.

खऱ्या अर्थाने सामायिक म्हणावेत असे प्रयत्न शासनाबाहेर अधिक आढळतात. पुण्याच्या प्रयास (ऊर्जा गट) संस्थेने २००७ मध्ये वीजपुरवठा देखरेख उपक्रम सुरू केला. त्यात घराघरांत बसवलेल्या उपकरणांतून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवला जाई व तो सर्वांना पाहता येई. तो पुरवठ्याच्या दर्जाचा उपक्रम होता. त्याच संस्थेचा महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील घरगुती वापराच्या मोजणीचा पुढील उपक्रम प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील स्मार्ट एनर्जी इन्फॉर्मॅटिक्स लॅबनेही निवासी इमारतीतील वापराचे आकडे संशोधकांसाठी खुले केले आहेत.

मुंबईची स्थिती : कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी व टाटा, भांडुप-मुलुंड पट्ट्यात महावितरण अशी शहराची वीज वाटलेली आहे. उपनगरांत २००९ नंतर तारा एका कंपनीच्या व पुरवठा दुसरीचा अशीही सोय झाली. परिणामी एकाच इमारतीच्या मीटर-खोलीत शेजारशेजारच्या मीटरांची बिले दोन वेगळ्या कंपन्यांकडून निघतात. जिना, लिफ्ट व पंप यांचे मीटर सोसायटीच्या नावावर असते ते आणखी निराळे. इमारत हे एकक धरून बेरीज करायची, तर ग्राहक क्रमांकांची जुळणी हेच पहिले मोठे काम ठरते. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात २०१९ या वर्षाचे उत्सर्जन २३.४२ दशलक्ष टन (कार्बन डायऑक्साइड तुल्य) दिले असून त्यात ऊर्जेचा वाटा सुमारे ७२ टक्के आहे. शहराच्या पातळीवर अशी बेरीज होते, पण इमारतीच्या पातळीवर ती क्वचितच होते.

भाजकाचा प्रश्न : सामायिक आकड्यांतील बहुतेक घोटाळे वापरात नसून क्षेत्रफळात असतात. मुंबईत एकाच जागेची तीन क्षेत्रे बोलली जातात : चटई, बांधीव आणि ‘सुपर बिल्ट-अप’. चटई क्षेत्राची व्याख्या स्थावर संपदा अधिनियमाने (२०१६) पक्की केली. आतील भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळतात. सुपर बिल्ट-अप हे मात्र जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटाही धरणारे बाजाराचे माप आहे. निर्देशांकासाठी बांधीव क्षेत्र घ्यायचे असते, तेही वातानुकूलित नसलेले तळघर वगळून.

समजा, अंधेरीतील एक कार्यालय वर्षाला १,६०,००० युनिटे वापरते व त्याचे बांधीव क्षेत्र १,००० चौ. मी. आहे. निर्देशांक १६०. उष्ण-दमट हवामान विभागात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयांना २०० ते १७५ ला एक तारा, पुढे दर २५ ला एकेक वाढत १०० च्या खाली पाच तारे, अशी ब्यूरोची मूळ श्रेणी आहे. म्हणजे हे कार्यालय दोन ताऱ्यांचे. व्यवस्थापकाने भाडेकरारातले १,३५० चौ. मी. सुपर बिल्ट-अप भरले, तर निर्देशांक सुमारे ११९ होऊन चार तारे दिसतील. ७५० चौ. मी. चटई क्षेत्र भरले, तर तो २१३ वर जाईल व एकही तारा उरणार नाही. एसी तेच, दिवे तेच, बिलही तेच. चौरस फूट भरण्याची चूक त्या मानाने निरुपद्रवी असते, कारण मग येणारा १५ हा निर्देशांक कोणाच्याही डोळ्यांत खुपतो. पहिल्या दोन चुका मात्र बेमालूम मिसळून जातात. म्हणून व्यासपीठाच्या नमुन्यात क्षेत्राच्या रकान्याशेजारी ‘कोणते क्षेत्र’ हा सक्तीचा रकाना असलाच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंशात, म्हणजे वापराच्या आकड्यातही, एक सापळा आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच (युनिटे भागिले शक्तिगुणक) या एककात होते. बिलावरचा तोच आकडा युनिटे समजून उतरवला, तर शक्तिगुणक (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) ०.९५ असलेल्या इमारतीचा वापर पाच टक्क्यांनी फुगतो. चोवीस तास चालणाऱ्या बीपीओंसाठी ब्यूरोने चालू तासांनीही भागलेला वेगळा निर्देशांक ठरवला आहे.

गोपनीयता : मीटरच्या बारीक अंतराच्या नोंदींवरून घरात कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखता येते, असे जॉर्ज हार्ट यांनी दाखवून दिले (त्यांचा प्रसिद्ध निबंध १९९२ चा) व त्यातील पाळतीच्या धोक्याकडेही त्यांनीच लक्ष वेधले. स्मार्ट मीटरमुळे हा धोका घरोघरी पोहोचतो. भारतात अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. अमेरिकेतील काही राज्यांत एकत्रित आकडा जाहीर करताना त्यात किमान १५ ग्राहक असावेत व कोणा एकाचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक नसावा, असा दंडक आहे. तो जसाच्या तसा लावला तर दादर-माटुंग्याच्या तीन मजली, बारा बिऱ्हाडांच्या जुन्या इमारती यादीतून गळतील. अशा इमारतींचे आकडे गल्लीवार किंवा प्रभागवार एकत्र करणे हा एक मार्ग आहे.