एंटामीबा हिस्टोलिटिका : जनुकीय विविधता

माणसाच्या मोठ्या आतड्यात राहणाऱ्या आणि अमीबाजन्य आमांश व यकृतातील गळू यांना कारणीभूत ठरणाऱ्या एंटामीबा हिस्टोलिटिका या एकपेशीय परजीवीच्या विभेदांमध्ये (एकाच जातीतील उपप्रकारांमध्ये) डीएनएच्या पातळीवर आढळणारे फरक. त्यांच्या अभ्यासाची सुरुवात ‘ही जाती एक की दोन’ या जुन्या वादातून झाली.

फ्योदोर ल्योश यांनी १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील आमांशाच्या रुग्णाच्या मलात हा अमीबा पाहिला. फ्रिट्झ शाउडिन यांनी १९०३ मध्ये त्याला सध्याचे जातिनाम दिले. मात्र आतड्यात पुटी (अमीबाची कवचबद्ध अवस्था) बाळगणारे बहुसंख्य लोक आजारी का पडत नाहीत, हे कोडे राहिले. एमील ब्रुम्प यांनी १९२५ मध्ये दिसायला तंतोतंत सारखी, पण निरुपद्रवी अशी एंटामीबा डिस्पार ही वेगळी जाती सुचवली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पुटी वेगळ्या ओळखता येत नसल्याने हे मत सुमारे अर्धशतक बाजूला पडले. १९७८ पासून सार्जंट व सहकाऱ्यांनी हेक्झोकायनेजसारख्या एंझाइमांच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विद्युतक्षेत्रात रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीत) रोगकारक व निरुपद्रवी अमीबांचे पट्टे वेगळे पडतात, असे दाखवले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अमीबांच्या संवर्धनातील जिवाणू काढून टाकल्यावर एक प्रकार दुसऱ्यात बदलतो, असे निष्कर्ष पुढील दशकात आले. ते खरे असते, तर दोन जातींची कल्पनाच कोलमडली असती. परंतु दोन्हींच्या जनुकांतील फरक इतके सातत्याने आढळले, की संवर्धने एकमेकांत मिसळली असावीत, हेच स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. डायमंड व क्लार्क यांनी १९९३ मध्ये दोन जातींची रीतसर फेरमांडणी केली. त्यामुळे केवळ सूक्ष्मदर्शकावर आधारलेली त्यापूर्वीची प्रसाराची आकडेवारी दोन्ही जातींची एकत्रित समजावी लागते, आणि निरुपद्रवी अमीबासाठी किती जणांना विनाकारण औषधे दिली गेली असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

खुद्द हिस्टोलिटिका जातीत एकेका न्यूक्लिओटाइडचे बदल तुलनेने कमी आढळतात. खरी विविधता दिसते ती टीआरएनए (प्रथिने तयार होताना अमिनो आम्ले वाहून आणणारा आरएनए) जनुकांच्या दरम्यान असलेल्या, डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या लघु पुनरावृत्तींत. एचएम-१:आयएमएसएस या विभेदाचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अशी जनुके लांब रांगांनी वसलेली आढळली. त्यांतील पुनरावृत्तींची संख्या व मांडणी विभेदागणिक बदलत असल्याने विभेद ओळखण्यासाठी त्यांचा वापर होतो. एकाच रुग्णाच्या आतड्यातील व यकृतातील अमीबांचे नमुनेही भिन्न निघाले आहेत. यकृताकडे जाताना डीएनएची फेरजुळणी होते, की मिश्र संसर्गातील एखादाच विभेद तेथे पोहोचतो, याबाबत दोन्ही मते मांडली गेली आहेत.

या अमीबाचे लैंगिक प्रजनन प्रत्यक्ष पाहिले गेलेले नाही. तरी अर्धसूत्री विभाजनाशी (लैंगिक प्रजननात गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाशी) निगडित जनुके त्यात आहेत, आणि विभेदांमधील फरकांची वाटणीही जनुकांच्या देवाणघेवाणीकडे निर्देश करते.