तिजोरीत ठेवलेला सिनेमा आणि माळ्यावर टाकलेला सिनेमा

माझा मावसभाऊ जुन्या कार्टूनपटांच्या कॅसेट आणि डिस्क जमवतो. त्याच्या वहीतली एक ओळ गेली वीस वर्षं तशीच आहे. 'साँग ऑफ द साउथ', डिस्ने, १९४६. पुढे रकाना रिकामा. कधी विषय काढला की त्याचं उत्तर तयार असतं, "अरे, डिस्नेच्या तिजोरीत आहे तो. काढतील कधीतरी."

हे 'काढतील कधीतरी' मला पटत नाही. डिस्नेची एक तिजोरी खरंच होती, पण हा सिनेमा तिच्यात कधीच नव्हता. तो माळ्यावर आहे. दागिने तिजोरीत ठेवतात ते पुन्हा घालायचे असतात म्हणून. माळ्यावर जे जातं ते पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. दारातून पाहणाऱ्याला दोन्हीकडे कुलूपच दिसतं, त्यामुळे गल्लत होते.

आधी तिजोरी. डिस्नेला फार लवकर कळलं होतं की लहान मुलांचा प्रेक्षक दर काही वर्षांनी आपोआप नवा होतो. १९३७ चा 'स्नो व्हाइट' त्यांनी १९४४ मध्ये पुन्हा थेटरात आणला आणि पुढे साधारण सात वर्षांनी जुना सिनेमा नव्याने लावायचा पायंडाच पडला. व्हिडिओ कॅसेट आल्यावर हा पायंडा मोडायची वेळ आली. घरात कॅसेट असताना थेटरात कोण जाणार? म्हणून मग कॅसेट थोडे महिने विकायची, नंतर बाजारातून उचलायची. या उचलण्याला व्यवहारात मोरेटोरियम म्हणत आणि जाहिरातीत तिजोरी. 'आत्ताच घ्या, पुन्हा तिजोरीत जाणार आहे' हे ओरडून सांगितलं जाई, कारण ओरडणं हाच धंदा होता. खुद्द 'स्नो व्हाइट' अमेरिकेत कॅसेटवर यायला १९९४ उजाडलं. पुढे डीव्हीडी आल्या, मग प्लॅटिनम आवृत्त्या, मग डायमंड आवृत्त्या, आणि तोच सिनेमा लोकांनी तीन-तीनदा विकत घेतला. (मावसभावाने चारदा घेतला आहे, पण ते मावशीला सांगायचं नाही.)

जाता जाता एक इशारा. 'ब्लॅक डायमंड' छापाच्या जुन्या डिस्ने कॅसेट हजारो डॉलरला जातात, असे मेसेज अधूनमधून फिरतात. त्या कॅसेट लाखांनी खपल्या होत्या आणि आजही ढिगाने मिळतात. कुणीतरी वाट्टेल ती किंमत मागितली म्हणजे ती मिळाली असं होत नाही.

तिजोरीचा कारभार संपला तो डिस्ने प्लस आल्यावर. १२ नोव्हेंबर २०१९ ला ही सेवा अमेरिकेत सुरू झाली आणि जे वर्षानुवर्षं आळीपाळीने बाहेर यायचं ते जवळजवळ सगळं एकदम मांडलं गेलं. 'साँग ऑफ द साउथ' मात्र त्यात नव्हता. आणि योगायोग पाहा, त्याचा पहिला खेळ झाला होता १२ नोव्हेंबर १९४६ ला, अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये. बरोबर ७३ वर्षं. तिजोरी रिकामी झाली तरी जो बाहेर आला नाही, तो तिजोरीत नव्हताच, हे तेव्हाच मानायला हवं होतं.

आता माळा. जोएल चँडलर हॅरिस नावाच्या गोऱ्या पत्रकाराने जॉर्जियातल्या एका मळ्यावर लहानपणी गुलामांच्या तोंडून ज्या गोष्टी ऐकल्या, त्या त्याने पुढे अंकल रीमस या म्हाताऱ्या काळ्या माणसाच्या तोंडी घालून छापल्या. ससा, कोल्हा, अस्वल, आणि दर वेळी शक्तिमानाला गंडवणारा ससा. त्यातली डांबराच्या बाहुलीची गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. ससा बाहुलीला गुद्दा मारतो, हात चिकटतो. लाथ मारतो, पाय चिकटतो. पंचावुध जातकातला राजपुत्र चिकट केसांच्या राक्षसाशी लढताना असाच हात, पाय आणि शेवटी डोकं अडकवून बसतो. ही गोष्ट इकडून तिकडे गेली की दोन्हीकडे वेगळी उगवली, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

डिस्नेने या गोष्टींना खऱ्या नटांची चौकट दिली. एक प्रसंग सांगतो. जेम्स बॅस्केट, म्हणजे अंकल रीमस, गोष्ट सांगायला लागतो. त्याचा चेहरा पडदाभर, मागे अंधारलेलं. आणि एकाएकी तो अंधार निघून जातो, मागे लखलखीत रंगवलेलं आकाश येतं आणि जिवंत माणूस चितारलेल्या वाटेवर 'झिप-अ-डी-डू-डा' म्हणत चालायला लागतो. खांद्यावर निळा पक्षी येऊन बसतो. १९४६ मध्ये हे करणं म्हणजे काय कसब होतं हे आजही पाहताना जाणवतं. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. बॅस्केटला १९४८ मध्ये मानद ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी तो वारला. अटलांटातल्या पहिल्या खेळाला मात्र तो नव्हता. त्या शहरात तेव्हा काळ्या-गोऱ्यांचे दरवाजे वेगळे होते. ज्याच्या जिवावर सिनेमा उभा, त्यालाच तिथे मानाने बसता आलं नसतं.

'त्या काळी कुणाला काही वाटत नव्हतं' असं आपण सहज म्हणून टाकतो. वाटत होतं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी १९४६ मध्येच वर्तमानपत्रांना तारा केल्या. सिनेमाची कलाकारी त्यांनी मान्य केली, आक्षेप होता तो मालक आणि गुलाम यांच्या नात्याचं गोड चित्र रंगवण्याला. गोष्ट गुलामगिरी संपल्यानंतरची आहे असा बचाव केला जातो. पण पडद्यावर ते कुठेच धड कळत नाही. मळ्यावरची काळी माणसं संध्याकाळी गात-गात झोपड्यांकडे परततात आणि कुणाला कसली तक्रार नाही. मी पाहिला तेव्हा मला काळ कळला नाही आणि मावसभावालाही कळला नव्हता, हे त्याने पुढे कबूल केलं.

आम्ही पाहिला कसा? इथे आपलं नशीब अमेरिकेतल्या संग्राहकांपेक्षा बरं होतं. अमेरिकेत हा सिनेमा थेटरात १९८६ पर्यंत अधूनमधून लागत राहिला, पण घरी पाहण्यासाठी कधीच विकला गेला नाही. ब्रिटनमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्याच्या कॅसेट निघाल्या, जपानमध्ये लेझरडिस्क निघाली. टीव्हीच्या चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती होत्या, पाल आणि एनटीएससी. ब्रिटनची कॅसेट पाल पद्धतीची, अमेरिकेचा व्हीसीआर एनटीएससी. तिकडे ती लावली की पडद्यावर नुसत्या रेघा. भारत मात्र पाल. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या काकूंनी एका उन्हाळ्यात आणलेली कॅसेट मावशीच्या व्हीसीआरमध्ये सरकवली आणि काही कुरकुर न करता सुरू झाली. अमेरिकेतले लोक ज्यासाठी कन्व्हर्टर शोधत होते, ते पुण्यातल्या दोन खोल्यांत आमरसाच्या वाट्या हातात घेऊन चाललं होतं.

त्या कॅसेटवरून मावसभावाचा आणखी एक गैरसमज झाला होता. सिनेमा ९४ मिनिटांचा, कॅसेट नव्वदीतच संपते, म्हणजे काहीतरी कापलंय! कापलेलं काही नव्हतं. थेटरात सेकंदाला २४ चित्रं धावतात, पालमध्ये २५. त्यामुळे सगळं थोडं लवकर संपतं आणि गाणाऱ्यांचे आवाजही किंचित चढतात.

खरंच कापलेलं कसं दिसतं ते 'फँटेशिया'त पाहावं. १९४० च्या त्या सिनेमात सनफ्लॉवर नावाची काळी, अर्धी गाढवी-अर्धी मुलगी गोऱ्या नायिकांची सेवा करताना दाखवली होती. साठच्या दशकापासून ती गायब आहे. काही ठिकाणी फ्रेमचा एक भाग मोठा करून बाकीचा कडेबाहेर ढकलला आहे. त्या जागी नीट पाहिलं तर चित्राचा दाणा एकदम जाड होतो, जणू कुणी अचानक भिंग धरलंय. 'फँटेशिया' दुकानात मिळतो, घरी पाहता येतो, तरी पूर्ण मिळत नाही. हा तिजोरीतलाही नव्हे आणि माळ्यावरचाही नव्हे. हा कात्रीचा प्रकार, आणि तीनही प्रकारांत मला सर्वांत नावडता, कारण यात आपल्याला काही दिलं नाही हेही सांगितलेलं नसतं.

आता 'बंदी' हा शब्द. 'बंदी घातलेला डिस्ने सिनेमा' असं सर्रास लिहिलं जातं. कुणी घातली बंदी? कुठल्याही सरकारने नाही, कोर्टाने नाही. आपल्याकडे 'सखाराम बाइंडर' अडवलं गेलं तेव्हा कमलाकर सारंग कोर्टात जाऊ शकले, कारण नाटकवाल्यांना ते करायचं होतं आणि अडवणारे दुसरे होते. इथे अडवणारा आणि मालक एकच. तो आपलीच वस्तू विकत नाही, तर त्याच्याविरुद्ध दाद कुणाकडे मागणार? त्याला फक्त विचारता येतं. आणि लोकांनी विचारलंही, भागधारकांच्या सभेत, वर्षानुवर्षं. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २००७ मध्ये पुन्हा विचार करू असं म्हटल्यावर संग्राहकांत आनंदीआनंद झाला होता. २०१० मध्ये सूर बदलला. २०२० च्या मार्चमध्ये तर त्यांनी सांगून टाकलं की इशाऱ्याची पाटी लावूनसुद्धा हा सिनेमा आजच्या जगात दाखवण्याजोगा नाही.

तिजोरीवाला कुलूप लावताना ढोल वाजवतो, माळ्यावाला कुणी विचारेपर्यंत तोंड उघडत नाही. ओळखायची मला सापडलेली सोपी खूण हीच.

आणि माळ्यावरच्या वस्तूचे सुटे भाग घरात वापरात असतात. 'झिप-अ-डी-डू-डा' मुलांच्या गाण्यांच्या कॅसेटवर खुशाल होतं. ससा, कोल्हा, अस्वल यांच्यावर १९८९ मध्ये डिस्नेलँडमध्ये स्प्लॅश माउंटन ही राइड उभी राहिली. गोष्टी सांगणारा म्हातारा तेवढा तिच्यात नव्हता. अमेरिकेतल्या दोन्ही राइड २०२३ मध्ये बंद झाल्या आणि त्यांच्या जागी टियाना राजकन्येची राइड आली. म्हणजे आधी सिनेमा बाजूला ठेवला, मग त्याच्या सुट्या भागांनाही निरोप दिला. ही दिशा ब्लू-रेकडे जाणारी नाही.

हे सगळं डिस्नेपुरतं असतं तर एका कंपनीचा स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं. शेजारच्या वॉर्नर ब्रदर्सची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. त्यांच्या जुन्या लघुपटांपैकी अकरा 'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणून ओळखले जातात. नावात सेन्सॉर असलं तरी सेन्सॉर बोर्डाचा काही संबंध नाही. १९६८ मध्ये त्यांचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्सकडे होते आणि काळ्या माणसांच्या व्यंगचित्रांनी भरलेले हे अकरा लघुपट टीव्हीवर द्यायचे नाहीत असं त्या कंपनीने ठरवलं. त्यातला बॉब क्लॅम्पेटचा १९४३ चा 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वॉर्फ्स' ॲनिमेशनवाले आजही थक्क होऊन पाहतात आणि पाहताना अवघडतात. २०१० मध्ये अकरापैकी आठ लघुपट हॉलिवूडच्या एका चित्रपट महोत्सवात स्वच्छ प्रतींवरून दाखवले गेले. डीव्हीडी येणार अशी बातमीही आली. आली ती बातमीच.

पण याच वॉर्नरने इतर आक्षेपार्ह लघुपट विकताना दुसरी वाट काढली. लूनी ट्यून्सच्या २००५ च्या संचात सुरुवातीला काळ्या अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग येऊन सांगतात की यातल्या काही गोष्टी तेव्हाही चूक होत्या आणि आजही चूक आहेत, पण त्या लपवणं म्हणजे असं काही नव्हतंच म्हणण्यासारखं होईल. मला हे सरळ वाटतं. याच व्हूपी गोल्डबर्ग यांनी २०१७ मध्ये 'साँग ऑफ द साउथ' बाहेर काढा, त्यावर बोलू या, असंही म्हटलं होतं. ज्यांना या चित्रांनी बोचावं त्यांच्यातलंच कुणी हे म्हणतं, तेव्हा त्याला वजन येतं. पुण्यात बसून मावसभावाने म्हटल्याने येत नाही, हे मी त्याला सांगून पाहिलं आहे.

वॉर्नरलाही ही वाट नेहमी धरवली नाही. 'टॉम अँड जेरी'च्या ब्लू-रेच्या दुसऱ्या संचाची २०१३ मध्ये घोषणा झाली, त्यात दोन लघुपट गाळल्याचं कळलं, संग्राहक चिडले आणि तो संचच निघाला नाही. ज्यांना पूर्ण हवं होतं त्यांना अर्धंही मिळालं नाही. जिचे फक्त पाय आणि झाडू दिसायचा ती 'टॉम अँड जेरी'तली मोलकरीण आपल्या पिढीने कार्टून नेटवर्कवर पाहिली आहे. तिचे संवाद नव्वदच्या दशकात नव्या आवाजात पुन्हा भरले गेले होते. कात्री चित्रालाच लागते असं नाही.

मावसभावाचा हुकमाचा पत्ता १९७० चा आहे. तेव्हाही डिस्नेने 'साँग ऑफ द साउथ' कायमचा बाजूला ठेवल्याचं म्हटलं होतं आणि दोनच वर्षांनी तो थेटरात परत लावला, गर्दीही झाली. "मग आता का नाही?" पत्ता खरा आहे. पण तेव्हा कंपनीला थेटरांत लावायला जुने सिनेमे हवे होते. आज एका डिस्कच्या विक्रीतून जे काही मिळेल, ते तिच्या हिशेबात आठवडाभरच्या टीकेच्या बातम्यांची भरपाई करणार नाही. तिजोरीतल्या मालाचा भाव थांबल्याने वाढतो, माळ्यावरच्या मालाचं ओझं वाढतं.

अमेरिकेच्या कायद्याने या सिनेमाचा हक्क ९५ वर्षांनी सुटतो, म्हणजे १ जानेवारी २०४२ ला. मावसभावाने ती तारीख वहीत रिकाम्या रकान्यात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. हक्क सुटला तरी मूळ निगेटिव्ह कंपनीच्याच ताब्यात राहील हे मी त्याला सांगितलं. लोक छापतील ते बहुधा कुठल्यातरी जुन्या कॅसेटवरूनच. त्यावर तो काही बोलला नाही. उठला, लेस्टरची कॅसेट काढली, झडप उघडून उजेडात धरली. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. पुण्याच्या पावसाळ्यात टेपला बुरशी येतेच. मग कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन बसला.