‘बदली’ या शब्दाची धास्ती: जॉब रोटेशनची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात जॉब रोटेशनची, म्हणजे ठराविक काळाने कामं आलटूनपालटून देण्याची, नोटीस लागली की जुने कामगार आधी एकच विचारतात, “म्हणजे बदली का?”

हा प्रश्न गिरण्यांमधून आला आहे. तिथे ‘बदली’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा माणूस. पाळीच्या आधी गेटवर जायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर घरी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याची व्याख्याच होती: मस्टरवर (हजेरीपटावर) नाव असलेल्याच्या जागी लावलेला कामगार. सलग वर्षभर नोकरी झाली की ले-ऑफच्या (काम नसल्याने बसवून ठेवण्याच्या) भरपाईपुरता तो बदली राहत नसे. सरकारी नोकरीत बदली म्हणजे गाव सोडणं, आणि अनेकदा शिक्षाच. राज्याच्या १९७१च्या कायद्याने धोरणाच्या आडून आकसाने केलेली बदली अनुचित प्रथा ठरवली. वर ‘रोटेशन’ म्हटलं की कामगाराला पाळ्यांचं रोटेशन आठवतं, आठवड्याने येणारी रात्रपाळी. इतके अर्थ चिकटल्यावर कामाची नुसती अदलाबदलही संशयाने पाहिली जाणारच. १९८२च्या संपानंतर गिरणगावातून कळवा-ऐरोलीकडे सरकलेल्या घरांनी ही धास्ती सोबत आणली. तिला आडमुठेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

वागळे इस्टेट साठच्या दशकात वसली, तेव्हा लेथवरचा माणूस लेथवरच निवृत्त व्हायचा. नव्वदीनंतर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे जपानी पद्धती आल्या आणि भिंतीवर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, लागलं. प्रत्येक नावापुढे चार भागांचं वर्तुळ. पाव भाग काळा म्हणजे शिकतोय, पूर्ण काळं म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आपलं वर्तुळ भरताना पाहून माणूस खुलतो, हे रबाळ्यात मी पाहिलं आहे. एकाच खांद्यावरचा ताणही कमी होतो.

पुढे महापे-ऐरोलीच्या कॉल सेंटरांत कंटाळून सोडून जाणाऱ्यांना थोपवायला रोटेशन आलं. बँकांत मात्र त्याचा हेतू गैरव्यवहार रोखणं, म्हणून रोटेशनने कामगार समाधानी होतो का, हे तिथल्या अनुभवावरून मोजू नये.

खरी गोम इन्सेंटिव्हमध्ये, म्हणजे काढलेल्या नगांवर मिळणाऱ्या जादा पैशांत, आहे. नव्या मशीनवर सुरुवातीला हात बसत नाही, नग कमी निघतात आणि पगारात खड्डा पडतो. मी पाहिलेल्या एका वेतन करारात शिकण्याच्या काळात जुन्या मशीनवरच्या सरासरीइतका इन्सेंटिव्ह धरला होता. तिथे पॅकिंगमधल्या बायकांनी स्वतःहून ड्रिलिंगसाठी नावं दिली.