शासनाची गुणवत्ता आणि शिक्षणावरील सार्वजनिक खर्च (संदर्भ : सोलापूर जिल्हा)

कारभार चांगला की वाईट, याचा परिणाम शिक्षणावरील सरकारी खर्चावर दोनदा होतो. अंदाजपत्रकात शिक्षणाच्या वाट्याला किती येते, इथे पहिल्यांदा; आलेल्यातले वर्गखोलीपर्यंत किती पोहोचते, इथे दुसऱ्यांदा. कोठारी आयोगाने (१९६४–६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ६ टक्क्यांचाच आकडा धरला. आपल्याकडची चर्चा बहुधा या आकड्यापाशीच थांबते. खरी गळती पुढच्या टप्प्यात असते.

जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे शिक्षणाचा वाटा कमी, असे अर्थतज्ज्ञ पाओलो मॉरो यांना १९९८ च्या अभ्यासात आढळले. शिक्षकांच्या पगारापेक्षा मोठ्या कंत्राटांत हात मारणे सोपे असते, असे त्याचे एक स्पष्टीकरण. युगांडात १९९१–९५ या काळात पगाराखेरीजच्या शालेय अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांना मिळाले. पुढे अनुदानाच्या हप्त्यांच्या रकमा वर्तमानपत्रांत छापून येऊ लागल्या, तसे हे प्रमाण झपाट्याने वाढले.

सोलापुरात ११ तालुक्यांतील सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषद चालवते, शहरात महापालिका. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या सीमाभागात कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत, शहरात तेलुगू आणि उर्दूही. त्यामुळे शिक्षकांची एकूण संख्या कागदावर जुळली तरी कन्नड शाळेतली रिक्त जागा मराठी माध्यमाच्या शिक्षकाने भरून निघत नाही. माध्यमनिहाय भरती वेळेवर करणे हे पैशाचे नव्हे, कारभाराचे काम आहे. समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेतून किरकोळ खर्चासाठी मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. ते मार्चअखेरीस हाती आले, तर वर्षभराचे वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती मुख्याध्यापकाच्या खिशातून किंवा लोकवर्गणीतून भागवावी लागते, आणि पैसे खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र देण्याच्या घाईत गरज नसलेली खरेदी होते. रक्कम तीच, जूनमध्ये मिळाली असती तर गळक्या छताला उपयोगी पडली असती.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जिल्ह्याला त्याचा अभिमान रास्तच आहे, पण एका शिक्षकाच्या जिद्दीवर जिल्हाभराच्या शाळा चालत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) अनुदानाच्या वापरावर देखरेखीचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला दिला. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सभेत रोकडवही वाचून दाखवली जाते की इतिवृत्त घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, यावर त्या अधिकाराचे मोल ठरते.